आगकाडीएवढी फट

फटीवर एवढी श्रद्धा असलेला माणूस साऱ्या मावळ तालुक्यात शोधून सापडायचा नाही, आणि तो नेमका माझ्या वाट्याला थोरला साडू म्हणून यावा हे माझं नशीब! साडू मूळचे टाकवे बुद्रुकचे. तरुणपणी रेल्वेत गँगमन म्हणून लागले आणि उभी नोकरी त्यांनी घाटातल्या रुळांवर पहार आणि हातोडा घेऊन चालण्यात काढली. दोन रुळांच्या जोडात थोडी फट सोडावी लागते, नाहीतर उन्हात लोखंड वाढतं आणि रूळ वाकडा होतो, हे त्यांना पहिल्याच आठवड्यात कुणा मुकादमानं सांगितलं. बाकीच्या गँगमन लोकांनी ते रुळांपुरतं लक्षात ठेवलं. आमच्या साडूंनी ते साऱ्या जगाला लावलं. चौथी भाकरी वाढायला गेलं की ताटावर हात आडवा धरणार, "ऱ्हाऊ द्या, फट पायजे." सोफ्यावर तिघं मावत असतील तर हे दोघांनाच बसवणार. फडताळातल्या दोन डब्यांत फट, दोरीवरच्या कपड्यांत फट, आणि बोलण्यात तर एवढी फट की समोरच्याला वाटावं विषय संपला, त्यानं उठून चपला घालाव्यात आणि मग यांचं पुढचं वाक्य यावं. माझ्या लग्नात फोटोग्राफर आम्हा दोघांना "जवळ या, अजून जवळ" म्हणत होता, तर हे मांडवातून ओरडले, "ओ, जरा फट ठिवा, लय उकाडा हाय, फुगतील दोगं!" मांडव हसून लोळला. तो फोटो आजही आमच्या हॉलमध्ये आहे. आमच्या दोघांच्या मधून एक सायकल आरामात जाईल.

चालताना यांची मान कायम खाली. रुळांचे नट-बोल्ट बघत चालायची सवय, ती बाजारातही सुटत नाही. त्यामुळे साडूंना माणसांचे चेहरे माहीत नसतात, चपला माहीत असतात. एकदा लोणावळ्याच्या बाजारात मी नवे बूट घालून त्यांच्या पुढ्यात उभा राहिलो, "काय भाऊ, बरंय ना?" म्हटलं, तर माझ्या पायांकडं बघून "कोन वो आपन?" म्हणत पुढं गेले! दहा पावलं गेल्यावर वळून ओरडले, "आरं, पाव्हणं व्हय! मंग सांगायचं न्हाई का, बूट कदी घेतलं?" खिशात कायम एक छोटा हातोडा. कलिंगड वाजवून बघणार, नारळ वाजवून बघणार, शेजाऱ्याच्या नव्या भिंतीवर टकटक करून "आतनं पोकळ हाय" असं वास्तुशांतीच्या दिवशी, भटजींच्या देखत सांगणार. माझी कंबर धरली तेव्हा मला पालथं झोपवून हातोड्याच्या दांड्यानं एकेक मणका ठोकत गेले आणि "खालनं तिसरा ढिला हाय" असा निकाल दिला. पुढं डॉक्टरांनी फोटो काढला, तर खालून तिसराच! डॉक्टरांना मी हे अजून सांगितलेलं नाही, उगाच त्यांना वाईट वाटायचं.

रिटायर झाल्यावर साडूंनी भुशीच्या रस्त्याला एक बैठं घर घेतलं. आधीचे मालक मुंबईचे, सुट्टीला हवा खायला येणारे. त्यांनी हॉलमध्ये आणि झोपायच्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत लालभडक गालिचा चिकटवून घेतला होता. आता ज्या गावात पावसाळ्यात पापड तळल्या तळल्या मऊ पडतो, तिथं जमिनीला गालिचा चिकटवणाऱ्या माणसाला काय म्हणावं! पण साडू त्या गालिच्यावर बेहद्द खूश. मोठे साहेब तपासणीला यायचे त्यांच्या खास डब्यात असाच गालिचा असायचा, आणि साडूंनी तो जन्मभर खडीवर उभं राहून, दारातून बघितला होता. "पाव्हणं, चपला काडू नका, तशेच आत या," पहिल्या दिवशी ते मला म्हणाले, "साहेब काय चपला काडत व्हता व्हय?" पहिल्या पावसाळ्यात गालिच्यानं पाणी धरलं. दुसऱ्या पावसाळ्यात त्याला वास सुटला आणि टीव्हीखालच्या कोपऱ्यात कुत्र्याच्या छत्र्या उगवल्या, चांगल्या टपोऱ्या. साडूंनी एक छत्री हातोड्याच्या दांड्यानं हलवून बघितली आणि "मजबूत हाय" म्हणाले. बायकोनं उपटा म्हणून तगादा लावला तेव्हा त्यांनी दोन छत्र्यांमध्ये फट राहील एवढ्याच उपटल्या.

ही बायको म्हणजे आमच्या ताई, माझ्या बायकोच्या थोरल्या बहीण. बालवाडीच्या बाई होत्या. अर्ध्या लोणावळ्याचं नाक त्यांनी पुसलेलं आहे, त्यामुळे अर्धं लोणावळं त्यांना अजूनही टरकून असतं. ताईंना काचबिंदू झाला. आधी कडेचं दिसेना, मग समोरचं, आणि आता उजेड आहे की अंधार एवढंच कळतं. मला वाटलं होतं या बाई खचतील. कसल्या खचतात! महिनाभरात त्यांनी घर पाठ केलं. खिडकी तीन पावलांवर, स्वयंपाकघर बारा पावलांवर, मिठाची बरणी डावीकडून दुसरी. पण भिंती पाठ होतात, माणसं पाठ होत नाहीत, ती सारखी हलतात. आणि गालिच्यावर तर पावलाचा आवाज म्हणून येत नाही. एकदा ताई तापलेल्या दुधाचं पातेलं घेऊन हॉलमधून निघाल्या आणि मागून साडू अगदी प्रेमानं म्हणाले, "दे हिकडं, म्या धरतो." ताई एवढ्या दचकल्या की सगळं दूध पायावर. पाय भाजला, फोड आले. मी बघायला गेलो तेव्हा ताई रडत होत्या, पण पायासाठी नव्हे. "भाऊजी, माझ्याच घरात मला चोरासारखं जीव मुठीत धरून बसावं लागतं," त्या म्हणाल्या. "सारखं वाटतं मागं कुणीतरी उभं आहे, आणि खरंच उभं असतं हो! माणूस जवळ यायच्या आधी मला कळायला हवं. बाकी मला काही नको." साडू दारात उभे होते. त्यांनी ते ऐकलं, आणि त्या दिवसापासून त्यांना दुसरं काही सुचेना.

आधी ते टाकव्याला जाऊन बैलांची घुंगुरमाळ घेऊन आले. वडिलांच्या वेळची, शर्यतीत पळालेल्या बैलाची. ती कमरेला बांधून घरात वावरायला लागले. खळ्ळ खळ्ळ खळ्ळ, साडू आंघोळीला चालले. खळ्ळ खळ्ळ, साडू चहा मागायला आले. चार दिवसांनी तशीच माळ बांधून बाजारात गेले. भाजीवाल्या मावशींनी त्यांच्या मागं-पुढं बघितलं आणि विचारलं, "आबा, बैल कुटं सोडला?" घरी ताई वैतागल्या, "काढा ते! मला गोठ्यात राहिल्यासारखं वाटतंय." मग साडूंनी तोंडी सूचना द्यायला सुरुवात केली. "लक्ष द्या, न्हाणीघराकडनं येनारी गाडी हॉलमधी येत हाय!" हे पाहुण्यांच्या देखतसुद्धा. मला मात्र त्यात हसू आलं तरी गंमत वाटेना, कारण माणूस किती दिवस लक्षात ठेवून ओरडेल? एक दिवस विसरलेच, आणि ताई परत दचकल्या. त्या संध्याकाळी साडूंनी गालिच्यावर हातोड्यानं टकटक करून बघितलं. काहीच वाजलं नाही. हातोडा खिशात घालून मला फोन केला, "पाव्हणं, समदी चूक ह्या गालिच्याची हाय. ह्यो मुका हाय. फरशी घालावी तर ती घसरती, आन् तीबी काय बोलत न्हाई. लाकूड बोलतं. जुन्या पुलावर रुळाखाली लाकडी स्लीपर व्हते, पल्ल्याड मानूस चडला की अल्ल्याड आमाला कळायचं. घरात लाकूड टाकायचं. आपल्या हातानं. रैवारी या."

आपल्या हातानं, म्हणजे त्यात माझे हात धरलेले! मिस्त्री लावू या म्हटलं तर त्यांना अपमान वाटला. ज्या माणसानं अख्ख्या घाटात रूळ अंथरले त्याला एक हॉल अंथरता येत नाही होय? तरी तयारी म्हणून मोबाईलवर एका गोऱ्या माणसाचे व्हिडिओ बघायला लागले. तो गोरा पिवळी टोपी घालून फळीला फळी लावत हसत हसत मागं सरकायचा. त्याचं इंग्रजी साडूंना ओ की ठो कळत नव्हतं, त्याच्या बोटांवर मात्र ते खूश होते. आवाज बंद करून त्याला शिव्या देत बघायचे. "आरं, पहार धर की! गुडघं टेक, गुडघं!" मग आम्ही कामशेतला वखारीत गेलो. वखारवाले चाचा साडूंचे जुने स्नेही, दाढीत कायम भुसा. एका पाडलेल्या बंगल्याचं जुनं सागवान त्यांच्याकडं आलं होतं, त्याच्या त्यांनी रंधा मारून झकास फळ्या काढून दिल्या, एकीची जीभ दुसरीच्या खाचेत बसेल अशा. टेम्पोत माल चढवताना चाचा म्हणाले, "भाऊ, एक ध्यानात ठेवा. झाड मेलं तरी लाकूड पाणी पितं. लोणावळ्याचा पाऊस हाय. चारी भिंतींच्या कडंनी बोटभर जागा सोडा." साडू हसले. एवढं हसले की टेम्पोला टेकावं लागलं. "चाचा, तुमी मला फट शिकिवता? मला?" चाचांनी माझ्याकडं बघितलं. मी दुसरीकडं बघितलं. आता वाटतं, तेव्हाच काहीतरी बोलायला हवं होतं.

मे महिन्यात गालिचा उपटला. त्याचा डिंक असा की जमीन सोबत येते का काय! साडूंनी मला, माझ्या बायकोला आणि चक्क ताईंना एका रांगेत उभं केलं, सगळ्यांच्या हातात गालिच्याची कड दिली आणि गँगची आरोळी सुरू केली, "घाला रं घाला!" आम्ही ओरडायचं, "जोर घाला!" ताईंना ती आरोळी आमच्यापेक्षा चांगली येत होती. तिसऱ्या जोराला गालिचा फर्रकन सुटला आणि आम्ही चौघं एकावर एक! सगळ्यात खाली मी. वरून ताई विचारतायत, "काय निघालं हो खाली?" आणि साडू पडल्या पडल्या अहवाल देतायत, "एक पाल, वाळल्याली. बदामची रानी. आन् तुजं शिवनकामाचं टोपन!" ते टोपण त्या घरात आल्या दिवसापासून हरवलं होतं, उंबऱ्याशी गालिच्याची कड जराशी उचकटलेली होती तिथून आत सरकलं असणार. ताई ते बोटात घालून दिवसभर हसत बसल्या होत्या. मग साडूंनी स्लीपरसारख्या अंतरावर खाली लाकडी पट्ट्या टाकल्या आणि वर फळ्या बसवायला घेतल्या. जिथं एका फळीचं टोक संपून दुसरीचं सुरू होतं तिथं प्रत्येक जोडात एक आगकाडी उभी धरायची, तेवढी फट सोडायची आणि काडी काढून घ्यायची. आगकाड्या धरायचं काम माझं. लांबीला अशी मोजून फट, आणि रुंदीला मात्र घणानं ठोकून ठोकून घट्ट, थेट या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दाबून. "भाऊ, चाचा कडेनं म्हणाले होते," मी हळूच म्हटलं. "पाव्हणं," मोठी फट सोडून साडू म्हणाले, "रूळ लांबीला वाडतो. बाजूला हालला तर गाडी पडती. बाजूनं घट्टच पायजे." मी पुढची आगकाडी काढली.

काम झालं त्या दिवशी साडूंनी ताईंना हॉलच्या मधोमध खुर्चीवर बसवलं आणि आम्हाला एकेक करून मागच्या दारानं सोडलं. मी चार पावलं टाकली. टक, टक, टक, टक. "भाऊजी," ताई म्हणाल्या, "तुम्ही टाचेवर चालता. आणि डाव्या बुटाचा तळ सुटलाय." माझी बायको आली. "ही पाय घासत चालते, लहानपणापासून सांगते आहे." मग साडू आले. खरं म्हणजे ते अनवाणी, चोरपावलांनी, मुद्दाम भिंतीच्या कडेनं येत होते. लाकूड जरासं बोललं. ताईंनी मान न वळवता हात पुढं केला आणि तो बरोबर साडूंच्या मनगटावर पडला. "सापडलात!" त्या म्हणाल्या, आणि मनगट घट्ट धरून हसायला लागल्या. मग साडू नुसते हॉलमधून झोपायच्या खोलीत आणि खोलीतून हॉलमध्ये येरझाऱ्या घालायला लागले, आणि ताई दर वेळी "आलात", "गेलात", "आता खिडकीशी" असं सांगत राहिल्या. शेवटी माझ्या बायकोनं स्वतःच चहा टाकला, कारण ही दोघं थांबायची लक्षणं दिसेनात.

जुलैतल्या एका सकाळी साडूंचा फोन आला. "पाव्हणं, तुमचं वजन किती हाय?" मी सांगितलं. तिकडं पुटपुटत कसलीतरी बेरीज झाली. "बरं. न्याहारी करून या. पोटभर करा, फट ठिवू नका." त्याच क्षणी मला कळलं काहीतरी भयंकर झालंय. रविवार होता, भुशी धरणावर भिजायला निघालेल्या गाड्यांनी रस्ता तुंबलेला. मी आणि बायको स्टेशनपासून छत्री धरून चालत पोहोचलो, तर घरात मधोमध डोंगर! चाचा म्हणाले होते तस्सं. लाकडानं महिनाभर पोटभर पाणी प्यायलं, ते रुंदीला फुगलं, दोन्हीकडं भिंतीनं जागा दिली नाही, तेव्हा बिचारं वर गेलं. लांबीच्या आगकाडीएवढ्या फटी मात्र जशाच्या तशा, एक सूतभर हललेल्या नाहीत. झोपायच्या खोलीचं दार हॉलकडं उघडायचं, ते या डोंगराला अडून बसलेलं, आणि ताई आत. साडूंनी सकाळचा चहा त्यांना बाहेरून खिडकीतून दिला होता. आतून ताई ओरडत होत्या, "भाऊजी आले का? टाचेवरून वाटलंच!" साडूंनी डोंगरावर पाण्यानं भरलेलं पिंप ठेवलं होतं, पाटा ठेवला होता, पाट्यावर वरवंटा ठेवला होता. "हितं बसा तुमी," ते मला म्हणाले, "आन् तुमी त्यांच्याजवळ. आज फट नको, चिकटून बसा!" लग्नाला एवढी वर्षं झाली, पण या माणसानं आम्हा नवराबायकोला चिकटून बसायला सांगितलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. आम्ही बसलो. डोंगर इथं दबला आणि कर्रर्र करत खिडकीपाशी वर आला. आम्ही खिडकीपाशी जाऊन बसलो, तो पिंपाखाली वर आला, पिंप कलंडलं आणि सगळं पाणी पुन्हा लाकडानंच प्यायलं. त्या पाण्यात बसून माझी बायको अशी हसत सुटली की तिला उचकी लागली. दुपारी कधीतरी दारानं वीतभर फट दिली आणि ताई तिरप्या होऊन बाहेर आल्या.

साडू मात्र हसले नाहीत. ओट्यावर पायरीशी बसून राहिले, मान नेहमीसारखी खाली. मी शेजारी बसलो. "एवड्या वर्सांत माज्या हद्दीत येक गाडी घसरली न्हाई," ते म्हणाले. "आन् घरात चुकलो. त्या गोऱ्याच्या गावाला भुशीचा पाऊस न्हाई, त्याला काय बोल लावायचा. चाचा सांगत व्हता. मीच लय शाना." थोड्या वेळानं उठून आत गेले आणि ताईंना म्हणाले, "हे समदं उपसून टाकतो. गनपतीच्या आत फरशी घालतो. तू काय काळजी करू नको, म्या माळ बांदीन." ताई एकदम उभ्या राहिल्या. हॉलमधून चालायला लागल्या. डोंगराशी आल्यावर पाऊल उचललं, टुक् वाजलं, वर चढल्या, कर्रर्र वाजलं, आणि खिडकीच्या गजावर नेमका हात ठेवून उभ्या राहिल्या. "मे महिन्यात सगळीकडं एकच आवाज होता," त्या म्हणाल्या. "कोण आलंय ते कळायचं, कुठं आहे ते नेमकं कळत नव्हतं. आता कर्रर्र म्हणजे खिडकी, टुक् म्हणजे टीव्ही, आणि स्वयंपाकघराच्या तोंडाशी एक फळी आहे ती कुत्र्याच्या पिल्लासारखी कुईं करते. मला घर दिसायला लागलंय हो. यातली एक फळी उचललीत तर याद राखा!" बालवाडीच्या बाईंचा आवाज होता तो. साडू हातातली पहार मागं लपवून उभे राहिले.

पाऊस ओसरल्यावर चाचा आले. आधी त्यांनी डोंगराला सलाम केला, मग मनसोक्त हसून घेतलं, मग करवत काढून भिंतींच्या कडेनं बोटभर पट्टी कापली. साडूंनी निमूट भुसा भरला. लाकूड हळूहळू खाली बसलं. फक्त खिडकीपाशी थोडा चढ राहिला. चाचा तोही काढणार होते, पण ताई त्यावर पाय रोवून उभ्या राहिल्या. त्या चढाला घरात घाट म्हणतात. नवा पाहुणा घाटात अडखळला की साडूंना कोण आनंद होतो! "सावकाश, सावकाश, हितनं पुडं चढ हाय."

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. परवा गेलो होतो. साडू हॉलमधून असे दणदण चालत आले की कपबशा वाजल्या. मी म्हटलं, वा, या वयात काय चाल आहे! ते तसेच दणदणत स्वयंपाकघरात गेले, आणि मी पाणी प्यायला मागोमाग गेलो तर फरशीवर भिंतीला धरून उभे, डोळे मिटलेले, एक हात गुडघ्यावर. मला बघून त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. "दोन्ही गुडघं ग्येल्यात," ते पुटपुटले. "डाक्टर काटी घ्या म्हन्तो. काटीचा आवाज वेगळा येतो पाव्हणं. तिला कळंल. लय काळजी करती ती." मग एक दीर्घ श्वास घेऊन लाकडावर पाऊल ठेवलं आणि परत दणदण करत बाहेर गेले, ताईंच्या समोरून, घाटावरून, थेट दारापर्यंत. भाजी आणायला निघाले होते.

ते फाटकाबाहेर गेल्यावर ताईंनी मला जवळ बोलावलं. "भाऊजी, स्वयंपाकघरात काय म्हणाले ते सांगू नका," त्या म्हणाल्या, "तुम्हाला खोटं बोलता येत नाही. मला सगळं ऐकू येतंय. पूर्वी घाट चढताना त्यांची दोन पावलं एकामागं एक वाजायची. दिवाळीपासून दोन पावलांच्या मध्ये फट पडायला लागलीय. आधी आगकाडीएवढी होती. आता वाढलीय." त्यांच्या बोटात ते जुनं टोपण होतं, त्यानं ताई खुर्चीच्या हातावर हळूहळू टकटक करत होत्या. "मला कळू नये म्हणून एवढ्या जोरात पाय आपटतात, आणि जेवढे आपटतात तेवढं जास्त कळतं. पण सांगायचं नाही हं. त्यांनी ही जमीन माझ्यासाठी केलीय. तिच्यावर त्यांचंच बिंग फुटतंय हे कळलं तर बिचारे दारातच उभे राहतील."

फाटक वाजलं. ताईंची टकटक थांबली. पायरीशी साडूंची पावलं जड, ओढत आली, तिथं जरा वेळ थांबली, आणि मग उंबरा ओलांडून एकदम दण, दण, दण! "आलात?" ताई हसून म्हणाल्या. "हळू चाला हो, फळ्या मोडाल एखाद दिवशी!" साडूंचा चेहरा खुलला. "मंग! अजून धा वर्सं काय होत न्हाई!" त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि विजयानं माझ्याकडं बघितलं. चेहऱ्याकडं, चपलांकडं नव्हे. मला काही त्यांच्या नजरेला नजर देता येईना. मी मान खाली घातली, तर समोर त्यांच्या चपला होत्या. डावी बाहेरच्या कडेनं पार झिजून गेली होती.